बेचाळीस सुखरूप

“ज्यानं ती चिठ्ठी लिवली ना, त्याला माज्यासमोर उभा करा. मना दुसरा काय नको.”

जानकाबाई नाखवा हे अगदी सावकाश बोलल्या. नगरपालांच्या दालनातल्या खुर्च्या इतक्या अवाढव्य होत्या की त्यांत बसणारा कुणीही उसना आणल्यासारखा दिसायचा; मी तर रोजच दिसत होते. जानकाबाई खुर्चीच्या कडेला नुसत्या टेकल्या होत्या. साठीच्या पुढच्या, काटक, धुतलेलं हिरवं लुगडं नेसलेल्या. त्यांनी आणलेला अर्ज माझ्यासमोर होता. त्यावर एकशे सात नावं होती आणि त्यांतले निम्मे अंगठे होते.

“मॅडम, अर्ज शोकसभेचा आहे,” माझ्या उजव्या हाताला उभे असलेले केरकर म्हणाले. केरकर त्या कचेरीचे अधीक्षक. माझ्याआधीचे नऊ नगरपाल त्यांनी हार घालून आणले होते आणि नारळ देऊन पोचवले होते, त्यामुळे माझं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. “नागरिकांनी लेखी मागणी केली तर नगरपालांनी सभा बोलवायची, अशी जुनी पद्धत आहे. सभा घेता येईल. पण कुणाला समोर उभं करणं वगैरे आपल्यात बसत नाही. ते पोलिसांचं काम.”

“पोलिसांकडं अकरा वर्सां जातंय,” जानकाबाई म्हणाल्या.

त्यांनी केरकरांकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्या नजरेची मला सवय होती. चोवीस वर्षं मी दूरचित्रवाणीवर बातम्या वाचल्या. लोक रस्त्यात थांबवून असेच बघायचे, घरातल्या माणसाकडे बघावं तसे. त्या नजरेमुळेच मी या खुर्चीत येऊन बसले होते. नगरपाल म्हणजे नेमकं काय, हे नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं. मुंबईत हे पद इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय. पगार नाही, अधिकार नाही, मान मात्र महापौरांच्या खालोखाल. परदेशी पाहुण्यांचं स्वागत करायचं, फिती कापायच्या, कुणी मोठं माणूस गेलं की शोकसभा घ्यायची. अशा जागेवर सरकारला असं माणूस लागतं, ज्याला सगळे ओळखतात आणि ज्याचा कुणाला राग नाही. वाहिनीतून निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते आणि माझा राग कुणालाच नव्हता. निदान मी तसं धरून चालले होते.

“तुमी तवा बातम्यांत व्हता,” जानकाबाई म्हणाल्या.

“हो.”

“लाँचीची बातमी तुमीच सांगितली.”

“हो. मीच.”

केरकरांना लाँचचं काही आठवेना, म्हणून जानकाबाईंनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अनेक कचेऱ्यांत सांगून सांगून ते सांगणं घासून गुळगुळीत झालं होतं. फेब्रुवारी महिना. भाऊच्या धक्क्यावरून पलीकडच्या कोळंबे बंदराकडे निघालेली लाँच दुपारी साडेचारच्या सुमारास एका बार्जला घासली आणि कलंडली. जवळून चाललेल्या एका मालवाहू बोटीनं बरेच प्रवासी उचलले आणि धक्क्यावर आणून सोडले. कोळंब्याच्या बंदरपाड्यावर हे कळायला सहा वाजले.

“आमच्या पाड्याची पंधरा मानसां व्हती लाँचीत. माजा हरेश व्हता. बाविसावा चालू व्हता त्याला,” त्या म्हणाल्या. “गड्यांनी व्हड्या काडल्या. डिझेल भरला, बत्त्या घेतल्या. निघनार, तवर सात वाजलं. मच्छीमार सोसायटीच्या हपिसात टीवी व्हता. कुनीतरी बोलला, थांबा, बाय काय सांगतंय ता आयकू.”

त्या थांबल्या. पाण्याचा पेला मी पुढे सरकवला, तो त्यांनी घेतला नाही.

“तुमी सांगितला, सर्व बेचालीस प्रवासी सुखरूप.”

मी तो पेला परत माझ्याकडे ओढून घेतला.

“मंग व्हड्या परत वर वडल्या. सोसायटीत साखर वाटली. मी पन खाल्ली.”

लाँचमध्ये माणसं होती एकसष्ट. एकोणीस गेली. हरेश दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. पाड्यापासून अर्ध्या तासावर पाण्यात जाळी बांधायचे खुंट रोवलेले असतात, त्यांतल्या एका खुंटाला त्यानं स्वतःला शर्टानं बांधून घेतलं होतं. गाठ कोळ्याची होती, सुटली नाही. मग भरती आली. ओहोटीला तो तसाच खुंटाशी उभा दिसला, असं जानकाबाईंनी सांगितलं. उभा, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

हे ऐकताना माझ्या आत काय झालं? खरं सांगायचं तर काहीच झालं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाहीये. एका बातमीचा ओलावा दुसऱ्या बातमीला लागू द्यायचा नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. भूकंपातले मृत, मग मंत्रिमंडळाची बैठक, मग क्रिकेट, मग हवामान, आणि शेवटी हलकं हसू. मला वाटायचं, हे कामापुरतं आहे, घरी गेल्यावर साडी बदलतो तसं हेही बदलता येईल. आई गेली तेव्हा कळलं की येत नाही. आईच्या दहाव्यालाही मी भेटायला आलेल्यांना नीट, स्पष्ट उच्चारात तिचं आजारपण सांगत होते.

“चिठ्ठी लिवनाऱ्याला वाईनीतून काडला, असा मना कलला,” जानकाबाई म्हणाल्या. “तो कुटं हाय, तुमाला ठावं आसंल.”

“आहे ठाऊक.”

“त्याला आना. त्यानं आमच्या सगल्यांपुडं सांगावा, माजा चुकला म्हनून. अकरा वर्सांत कुनी म्हनला नाय. सरकार बोलतंय दर्याचा दोस, लाँचवाला बोलतंय बार्जवाल्याचा दोस. आमाला एक तरी मानूस दावा.”

“बघते.”

“बगते नको, बाय. आनते बोला.”

“आणते,” मी म्हणाले.

त्या गेल्यावर केरकरांनी अर्जावर तारखेचा शिक्का मारला. “मॅडम, एक सांगू? या खुर्चीवरनं शब्द द्यायचा नसतो. योग्य ती दखल घेऊ, एवढंच म्हणायचं.”

“सवय नाही हो मला अजून.”

“होईल. वर्ष संपता संपता सगळ्यांना होते,” ते म्हणाले, आणि सभागृहाच्या तारखा बघायला गेले.

चिठ्ठी लिहिणारा माणूस म्हणजे दिगंबर पाठारे. त्या संध्याकाळी तेच पाळीचे वृत्तसंपादक होते. बातमीपत्र चालू असताना ताजी खबर आली, की संपादक चिठ्ठीवर दोन ओळी खरडून आत पाठवायचा आणि आम्ही ती तशीच वाचायचो. दुसऱ्या दिवशी गहजब झाला. वाहिनीनं चौकशी लावली. चिठ्ठी केव्हाच कचऱ्यात गेली होती, उरली होती ती फक्त चित्रफीत आणि तिच्यावरचा माझा आवाज. पाठाऱ्यांना आधी फितींच्या कोठारात बसवलं, मग सहा महिन्यांनी त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. ते वसईला राहतात एवढं मला माहीत होतं. अकरा वर्षांत मी एकदाही गेले नव्हते.

रविवारी सकाळी गेले. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबले. दम लागला म्हणून नाही. इथे मला एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, जी तोवर मी कुणालाही सांगितली नव्हती. आज पाठारे हयात नाहीत, म्हणून सांगता येतेय. चिठ्ठीत ‘सर्व’ हा शब्द नव्हता.

चिठ्ठीत होतं, ‘लाँचमधील बेचाळीस प्रवासी सुखरूप असल्याचे समजते.’ हिरव्या शाईतलं पाठाऱ्यांचं अक्षर मला आजही दिसतं. वाचताना ते वाक्य मला लंगडं वाटलं. बेचाळीस म्हणजे किती जणांतले बेचाळीस, असं ऐकणाऱ्याला वाटेल, आणि खाली काही उत्तर नव्हतं. चोवीस वर्षांत मी असे कितीतरी शब्द जाता जाता घातले असतील. आमटीला चिमूटभर मीठ कमी वाटलं की हात आपोआप जातो, तसा. माझी जीभ गेली. ‘सर्व बेचाळीस प्रवासी सुखरूप.’ वाक्य छान बसलं. मी पुढच्या बातमीकडे वळले. चौकशीच्या वेळी माझ्यापुढे एक टंकलेला कागद आला: ‘वृत्तनिवेदकाने समोर आलेला मजकूर वाचला.’ मला कुणी काही विचारलंच नाही, नुसती सही मागितली. मी ती केली. पुढल्या वर्षी मला उत्कृष्ट निवेदनाचं पारितोषिक मिळालं.

पाठाऱ्यांनी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग एकदम हसले. चांगले उंच गृहस्थ, पण अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतके वाळले होते.

“या, या, नगरपाल. खाली लाल दिव्याची गाडी आलीय का? सोसायटीत माझी जरा किंमत वाढेल.”

“नगरपालाला दिवा नसतो, पाठारे.”

“मग काय उपयोग तुमचा?” ते म्हणाले, आणि आत वळून बायकोला हाक मारली. “सुलभा, बघ कोण आलंय.”

सुलभावहिनींनी चहा टाकला. मी जानकाबाईंचं सांगितलं. साखरेचं सांगितलं, खुंटाचं सांगितलं. पाठारे मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “हरेश जनार्दन नाखवा. यादीत सातवा.”

“तुम्हाला नावं पाठ आहेत?”

“एकोणीसही.”

“हे बघा, सक्ती नाही. नगरपाल कुणाला बोलावू शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी तसं सांगेन.”

“नाही कशाला म्हणू? येतो की. कुणीतरी बोलवावं म्हणून तर बसलोय.” त्यांनी बशी खाली ठेवली. “प्रमिलाताई, एक गंमत सांगू? मला तो शब्द लिहिलेला आठवत नाही. चौकशीत तसं ठणकावून सांगायचं ठरवूनच मी गेलो होतो. मग त्यांनी तुमची चित्रफीत लावली. एकदा ऐकली, दोनदा ऐकली. तिसऱ्या वेळेला मला माझ्या अक्षरातला ‘सर्व’ डोळ्यांसमोर दिसायला लागला. तुम्ही काय, एक वेलांटी इकडची तिकडे करणाऱ्या नव्हेत. म्हटलं, गड्या, तूच लिहिलंस.”

“अजून लिहून बघतात,” सुलभावहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “तीच ओळ. पहाटे उठायचं आणि वही घेऊन बसायचं. हात आपसूक ‘सर्व’ लिहितो का बघायचं म्हणे. चौदा वह्या भरल्या, ताई. जेवणावर वासना नाही, कशावर नाही. तुम्ही तरी सांगा.”

“आणि हात लिहितो का?” मी विचारलं.

“कधी लिहितो, कधी नाही,” पाठारे म्हणाले. “म्हणून तर मिटत नाही.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन फुटांवर ते बसले होते, मध्ये फक्त चहाचे कप. मी तोंड उघडलंही.

“चहा छान झालाय, वहिनी,” मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत मला माझी चीड यायला हवी होती. मी खिडकीबाहेर मिठागरं बघत होते. एक निर्दोष माणूस भरल्या सभेत उभा राहून एकोणीस घरांची माफी मागणार होता, आणि ते फक्त मी थांबवू शकत होते. हे मला स्वच्छ कळत होतं. कळण्यात कधीच अडचण नव्हती.

सभा तीन आठवड्यांनी, दुर्घटनेच्याच तारखेला, दुपारी तीनला होती. केरकरांनी फोर्टमधलं एक छोटं सभागृह मिळवलं होतं. पांढऱ्या फुलांची दोन तबकं, समई, मागे काळ्या कापडावर एकोणीस नावं. बंदरपाड्याहून लोक लाँचनंच आले. दुसरा रस्ता लांबचा पडतो. शंभरावर माणसं होती, पण कुठे कुजबुज नाही. जानकाबाई पहिल्या रांगेत. पाठारे दुसऱ्या रांगेच्या टोकाला, परीटघडीचा सदरा घालून, हातात चार घड्या घातलेला कागद धरून. शेजारी सुलभावहिनी.

जानकाबाईंनी मला खुणेनंच विचारलं, तोच का. मी मान हलवली. त्यांनी वळून त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. पाठाऱ्यांनी हात जोडले.

“मॅडम, क्रम लक्षात आहे ना?” केरकर माझ्या कानाशी म्हणाले. “आधी ठराव. मग तुमचे दोन शब्द. मग ते गृहस्थ. मग दोन मिनिटं स्तब्धता. चाळीस सेकंदांनी मी खाकरतो, की संपली. पाचला राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन आहे.”

मी ठराव वाचला. एकोणीस नावं वाचली. एकाही नावावर अडखळले नाही. पहिल्या रांगेतली एक म्हातारी नवऱ्याचं नाव आलं तेव्हा “व्हय” म्हणाली, हजेरी दिल्यासारखी. मग मी कागद मिटला.

“आता मला एक दुरुस्ती द्यायची आहे,” मी म्हणाले. “अकरा वर्षांपूर्वी, या दिवशी, संध्याकाळी सातच्या बातम्यांमध्ये लाँचमधील सर्व बेचाळीस प्रवासी सुखरूप आहेत, असं मी सांगितलं. ती बातमी चुकीची होती. माझ्यासमोर आलेल्या चिठ्ठीत ‘सर्व’ हा शब्द नव्हता. तो मी घातला. चिठ्ठी लिहिणारे दिगंबर पाठारे यांची त्यात कसलीही चूक नव्हती. चौकशीच्या वेळी मी हे सांगितलं नाही. त्या एका शब्दामुळे बंदरपाड्याच्या होड्या निघाल्या नाहीत. याची जबाबदारी माझी आहे.”

एवढंच. आवाज कुठे हलला नाही, शब्दाला शब्द लागला नाही, श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेतला. मी ती बातमीसारखी वाचली. दुसरं काही मला येतच नव्हतं.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. शाळेचे मास्तर असावेत. मग त्यांच्या आजूबाजूच्यांनी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे केरकरांनीही त्यांना सांगितलं नाही. तेही वाजवत होते.

“वा, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “आपल्या जुन्या माणसाला पाठीशी घालायला मोठं मन लागतं. नऊ जणांत हे कुणाला जमलं नसतं.”

“केरकर, मी खरं सांगतेय.”

“हो, हो. अगदी मनापासून बोललात.”

मी ध्वनिक्षेपकाकडे पुन्हा वळले, पण तोवर पाठारे उठून आले होते. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मी मागे सरले, आणि त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

“नगरपालसाहेबांनी माझी लाज राखली,” ते म्हणाले. “पण चिठ्ठी माझ्या अक्षरात होती. त्यांनी काही घातलं नाही. त्या कधी घालत नाहीत.” मग त्यांनी कागद उलगडला. घड्या मोडल्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून आला. “मी, दिगंबर वामन पाठारे…” त्यांना पुढे वाचता येईना. ते तिथेच उभे राहून रडू लागले. मोठ्यानं, पोर रडावं तसे. साठीचा माणूस असा रडताना मी कधी पाहिला नव्हता.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. दोन हात. मला पुढे होऊन तो कागद काढून घेता आला असता. मला ओरडता आलं असतं. मी तशीच उभी राहिले, आणि डाव्या पायाला मुंग्या आल्यात, एवढंच मला जाणवत होतं.

जानकाबाई उठल्या. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. सगळं सभागृह बघत होतं. त्या पाठाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, त्यांच्या हातातला कागद घेतला आणि घडी घालून त्यांच्याच खिशात ठेवला.

“रडू नको,” त्या म्हणाल्या. ध्वनिक्षेपक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. “आलास ना? बस झाला. तू आलास, बाकी कुनी आला नाय. घरी जा, नि पोटभर जेव.”

पाठारे त्यांच्या पायांवर वाकले. जानकाबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या तो ठेवूनच उभ्या राहिल्या. खाली सुलभावहिनी पदरानं तोंड झाकून बसल्या होत्या. पाड्यावरची माणसं एकेक करून वर आली. कुणी पाठाऱ्यांचा हात धरला, कुणी नुसतं जवळ उभं राहिलं. मी बाजूला झाले, कारण त्यांना जागा हवी होती.

स्तब्धता राहूनच गेली. केरकरांना त्याची फार चुटपुट लागली.

लोक पांगायला लागले तेव्हा मी जानकाबाईंना दारापाशी गाठलं. त्या चपला शोधत होत्या.

“मावशी, मी बोलले ते खरं होतं. मी त्यांना पाठीशी घालत नव्हते. तो शब्द माझाच.”

“ठावं हाय मना,” त्या म्हणाल्या.

“ठाऊक आहे?”

“तुमी सांगितला, आमी आयकला. तवा इस्वास ठेवला, तर आता का नाय ठेवनार?” त्यांना एक चप्पल सापडली, ती त्यांनी पायात घातली.

“मग त्यांना का…” मला वाक्य पुरं करता आलं नाही. माझ्या आयुष्यात हे फारच कमी वेळा झालं असेल.

जानकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“बाय, मी घरनं माफी घेऊन निगाले व्हते. अकरा वर्सां ती घेऊन फिरतंय, जड झाली व्हती. कुनाच्या तरी पदरात टाकायची व्हती. तुमी बोललात, मी तुमच्या तोंडाकडं बगितला. तिथं ठेवायला जागा नव्हती. त्याच्याकडं व्हती, त्याला दिली.” दुसरी चप्पल सापडली. “चला, लाँच सुटंल.”

त्या गेल्या. पाचला मी राणीच्या बागेत होते. गुलाबांच्या गटात पहिलं बक्षीस एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला मिळालं आणि मी त्यांना चषक दिला. त्यांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. त्यात मी हसते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कचेरीत फोन आला.

“प्रमिलाताई, पाठारे बोलतोय. कामात आहात का?”

“नाही, बोला ना.”

“काही नाही, असंच. काल रात्री सुलभानं वरणभात केला होता, दोनदा मागून घेतला. आणि सकाळी सातला जाग आली. ती म्हणते, लग्न झाल्यापासून मी एवढा घोरलो नव्हतो.” ते हसले. त्या हसण्यात अकरा वर्षांपूर्वीचे पाठारे होते, पाळी संपताना सगळ्यांना वडापाव मागवणारे. “वह्या रद्दीत घालायला काढल्यात तिनं. मी म्हटलं, घाल.”

“छान झालं.”

“एक विचारायचं होतं.” ते जरा थांबले. “काल तुम्ही तो शब्द स्वतःवर घेतलात. केवळ माझ्यासाठीच ना? म्हणजे, मला तसं ठाऊक आहे. पण रात्री सुलभा म्हणाली, एकदा विचारून घ्या.”

केरकर समोर फायली लावत होते. माझ्या हातात फोन होता. नाही म्हटलं असतं तर ते निर्दोष ठरले असते, आणि अकरा वर्षं फुकट गेली हे त्यांना आजच्या आज कळलं असतं. आणि जानकाबाईंचा हात भलत्याच्या डोक्यावर पडला हेही. हो म्हटलं तर ते अपराधी राहणार होते, पण जेवलेले, झोपलेले. मी खूप विचार केला असं म्हणणं खोटं होईल. चिठ्ठी समोर आल्यावर जेवढा वेळ मिळायचा, तेवढाच मी घेतला.

“हो, पाठारे,” मी म्हणाले. “तुमच्यासाठीच.”

“वाटलंच मला,” ते म्हणाले, आणि सुटकेचा मोठा श्वास सोडला.

माझा आवाज अगदी स्वच्छ आला होता. त्यांचा विश्वास बसला.